मुलाम्याची गोळी आणि पंचवीस मीटरचा नेम

पिस्तुलाचा नेम चुकला की पहिला दोष हाताला जातो, मग डोळ्याला, मग पिस्तुलाला. काडतुसाची चौकशी सगळ्यात शेवटी होते. खरे तर नळीतून निघून लक्ष्यापर्यंत पोहोचणारी वस्तू एकच, ती गोळी. ती गोल आहे का, तिचे वजन मध्यावर आहे का, नळीत ती घट्ट बसली का, यावर पुढचे सगळे ठरते. गेल्या काही दशकांत जगभरच्या पिस्तूलवाल्यांमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली गोळी फार चालली. शिशापेक्षा स्वच्छ, जॅकेटच्या गोळीपेक्षा स्वस्त, अशी तिची ख्याती. ती अचूक असते का, आणि असायची तर काय करावे लागते, हा या आढाव्याचा विषय. त्याला जोडूनच आपल्या भागातल्या नेमबाजापुढचा प्रश्न येतो : काडतूस स्वतः भरण्याची मुभा नसताना गोळीच्या निवडीत त्याच्या हातात नेमके काय उरते?

आमचे उचगाव बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ल्याच्या रस्त्याकडचे गाव. मळेकरणी देवीसाठी आणि मराठी साहित्य संमेलनासाठी लोक त्याला ओळखतात. बंदुकीचा संबंध इथे येतो तो फौजेमुळे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे, आणि आसपासच्या गावांत फौजी नसलेली गल्ली सापडणे कठीण. ‘ग्रुपिंग’, म्हणजे कागदावर गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते, हा शब्द इथल्या आजोबांनाही माहीत असतो. खेळातली नेमबाजी मात्र आम्हाला कोल्हापूरकडून कळली. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोन रायफलमध्ये विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१३ मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण घेतले आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेतही तेच केले. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्य मिळवले. त्यानंतर पोराला एअर पिस्तूल घेऊन द्यावे का, असे विचारणारे पालक गावोगाव दिसू लागले. पिस्तूल कोणते घ्यावे हे सगळे विचारतात. त्यात घालायचे काय, हे फारसे कोणी विचारत नाही.

आधी गोळ्यांच्या जाती पाहू. सगळ्यात जुनी शिशाची. शिसे जड, मऊ, सहज वितळणारे. नळीच्या आतल्या आट्यांत ते पटकन रुतते आणि फिरकी घेते. १८८० च्या दशकात धूर न करणारी दारू आली, गोळीचा वेग वाढला, आणि मऊ शिसे आट्यांत टिकेना. ते खरवडून नळीत बसू लागले. या अडचणीवर उपाय ठरले ते जॅकेट; स्वित्झर्लंडच्या एडवर्ड रुबिन यांनी १८८२ मध्येच शिशाला तांब्याचे जॅकेट चढवले होते. जॅकेट म्हणजे पत्र्यातून दाबून काढलेली वाटी. तिचा धातू साधारण ९५ टक्के तांबे आणि ५ टक्के जस्त असा, शुद्ध तांब्यापेक्षा कडक. फौजेच्या ९ मि.मी. काडतुसात हीच गोळी असते, आणि तिच्या बुडाशी बहुधा शिसे उघडेच राहते.

मुलाम्याची गोळी या दोघींच्या मधली. मऊ शिशाचा गाभा साच्यात दाबून तयार करतात, मापाला किंचित कमी ठेवून. असे हजारो गाभे छिद्रांच्या पिंपात घालून तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात तासन्‌तास फिरवतात आणि त्यातून वीज सोडतात. तांबे कण कण करून सगळ्या अंगाला, बुडालासुद्धा, चिकटते. थर किती जाड होणार हे वीज आणि वेळ यांवर ठरते. सर्वसाधारण गोळीवर तो एक-दोन दशांश मिलिमीटर असतो. जॅकेटचा पत्रा याहून बराच जाड. शेवटी गोळी पुन्हा एकदा साच्यात ठोकून मापावर आणतात. हा शेवटचा ठोका फार महत्त्वाचा, कारण मुलामा सगळीकडे सारखा बसत नाही. कडांवर जास्त, खोलगट जागी कमी. अमेरिकेतल्या बेरीज आणि रेनियर या कंपन्यांनी ही स्वस्त गोळी घरोघरी नेली. त्याच तत्त्वावर, पण जाड आणि शिशाशी एकजीव झालेला थर देऊन, स्पीअर कंपनीने ‘गोल्ड डॉट’ ही पोलिसांच्या वापरातली गोळी केली. म्हणजे मुलामा म्हणजे हलका माल, हे समीकरण चूक. मुलामा किती जाड आणि त्यानंतर गोळी किती काळजीने मापावर आणली, हा खरा प्रश्न.

आता अचूकतेकडे. इथे थोडे गणित करायला हवे, कारण या विषयातली निम्मी भांडणे गणिताअभावी होतात. समजा मुलामा एका बाजूला किंचित जाड बसला आणि गोळीचा गुरुत्वमध्य तिच्या अक्षापासून ०.०१ मि.मी. सरकला. नळीत गोळी नळीच्या मध्याभोवती फिरते. बाहेर पडताच ती स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागते, आणि सुटताना आडवी फेकली जाते. ही फेक काढायचे सूत्र सोपे आहे : सरकलेले अंतर गुणिले ६.२८, गुणिले लक्ष्याचे अंतर, भागिले आट्यांचा एक फेरा पूर्ण व्हायला लागणारी लांबी. ९ मि.मी. पिस्तुलात आटे साधारण २५० मि.मी. मध्ये एक फेरा घेतात. २५ मीटरवर उत्तर येते ६.३ मि.मी. गोळीचा दोष कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी वर सुटणार. म्हणजे केवळ शतांश मिलिमीटरच्या दोषाने ग्रुप साडेबारा मि.मी. पसरू शकतो. तेच .३८ स्पेशल रिव्हॉल्वरमध्ये पाहा. तिथल्या काही नावाजलेल्या नळ्यांत एक फेरा सुमारे ४७६ मि.मी. मध्ये होतो, आणि तोच दोष ३.३ मि.मी. एवढीच फेक देतो.

या सूत्रात वेग कुठेच नाही, हे लक्षात घ्या. फेक आट्यांच्या पिळावर ठरते. म्हणूनच एकाच कारखान्याची एकाच दर्जाची मुलाम्याची गोळी .३८ मध्ये सुरेख लागते आणि ९ मि.मी. मध्ये रडवते. लोक मग गोळीला नावे ठेवतात, नाहीतर पिस्तुलाला. घट्ट पिळाच्या नळीत गोळीचा प्रत्येक दोष मोठा होऊन कागदावर उमटतो. शिवाय ९ मि.मी. ची गोळी सेकंदाला १३०० च्या वर फेरे घेते. मऊ तांब्याचा पातळ थर आट्यांत नीट रुतण्याआधी थोडा घसरला, तर खाचा रुंद होतात आणि पकड ढिली पडते. मातीच्या बंधाऱ्यातून काढलेली अशी गोळी भिंगाखाली धरली की दिसते : एका बाजूला खाच तीक्ष्ण, दुसऱ्या बाजूला तिची कड फरफटलेली, आणि कधी कधी तांबे फाटून आतले करडे शिसे चमकताना. थर फाटला की गोळीचा तोल गेलाच. मग नऊ गोळ्या एका जागी आणि दहावी हातभर दूर, असला ग्रुप मिळतो. त्याचे खापर बहुधा ट्रिगर ओढणाऱ्या बोटावर फुटते.

दुसरी गोष्ट मापाची. नळीच्या खाचांमधला खरा व्यास आणि गोळीचा व्यास यांचे जमले पाहिजे. ९ मि.मी. ला कागदावरचे माप ०.३५५ इंच, म्हणजे ९.०२ मि.मी.; प्रत्यक्षात नळ्या याच्या खाली-वर असतात. मोजायची रीत जुनीच आहे : मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून हळूच ठोकत न्यायचा आणि मायक्रोमीटरने मोजायचा. शिशाची गोळी या मापापेक्षा इंचाचा एक-दोन हजारांश जाड ठेवतात. जॅकेटची बरोबर मापाची चालते. मुलाम्याच्या गोळीचा गाभा मऊ, म्हणून माझा कौल शिशाच्या बाजूने : शंका असेल तिथे ०.३५६ घ्यावी. बारीक गोळी ढिल्या नळीत जेवढी बिघडते, तेवढी किंचित जाड गोळी बिघडत नाही. अर्थात ती त्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये अडकता कामा नये, ही अट आहेच.

जिथे कायद्याने मुभा आहे तिथे, विशेषतः अमेरिकेत, नेमबाज काडतुसे घरी भरतात, आणि तिथे गेलेल्या आपल्या लोकांपैकी ज्यांना हा नाद लागला त्यांनाही हे करता येते. मुलाम्याच्या गोळीची बहुतेक बदनामी याच टेबलावर होते. वापरलेली पुंगळी पुन्हा मापावर आणली की तिचे तोंड किंचित फुलवावे लागते. जॅकेटची गोळी कंजूषपणे फुलवलेल्या तोंडातही सरकते. मुलाम्याची गोळी तशी दाबली तर पितळेची कड तांबे सोलून काढते, आणि टेबलावर सोनेरी कीस पडतो. कीस दिसला की तोंड कमी फुलले आहे असे समजावे.

त्याहून मोठी चूक शेवटच्या पायरीवर होते. फुलवलेले तोंड परत आवळताना जोर जास्त दिला की पितळेची कड मुलाम्यात रुतते. बाहेरून काडतूस देखणे दिसते, घट्ट वाटते. पण तीच गोळी उपटून पाहिली तर तिच्या अंगाभोवती बारीक वर्तुळ कापलेले असते. बारूद पेटल्यावर मुलामा त्या वर्तुळावर फाटायला मोकळा. नळीतून शिसे पुढे जाते, तांबे मागे रेंगाळते, आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवे, किल्लीच्या भोकासारखे छिद्र पडते. यावर उपाय साधा आहे. पुंगळीचे तोंड आत वळवणारी आवळणी टाळावी, निमुळत्या साच्याची हलकी आवळणी घ्यावी, आणि ती फक्त फुलवलेला भाग सरळ होईपर्यंतच द्यावी. ९ मि.मी. मध्ये तोंडाचे बाहेरचे माप ९.६ मि.मी. च्या आसपास आले की थांबायचे. मग एक काडतूस उपटून भिंगाने पाहायचे. गोळीवर पुसट रेघ चालेल, बोटाच्या नखाला लागणारी खाच चालणार नाही. गोळी धरून ठेवण्याचे काम पुंगळीच्या भिंतीच्या ताणाने व्हायला हवे, आवळणीने नव्हे. एवढे एक कळले तरी मुलाम्याच्या गोळीबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतील.

वेगाची मर्यादा सगळे सांगतात. साध्या मुलाम्याला सेकंदाला १२०० ते १२५० फूट, म्हणजे ३६५ ते ३८० मीटर; जाड मुलाम्याला त्याहून जास्त, जेवढा कारखाना लिहील तेवढा. अचूकतेसाठी या मर्यादेच्या बरेच खाली राहणे चांगले. बारुदीचे प्रमाण अधिकृत पुस्तकातून घ्यावे, गोळीच्या कारखान्याने दिलेल्या आकड्याशी ताडून घ्यावे आणि खालच्या टोकापासून सुरुवात करावी. ऐकीव आकड्यावर काडतूस भरणे म्हणजे हात गमावण्याची तयारी. गोळी किती खोल बसवली हेही तितकेच धोक्याचे. ९ मि.मी. ची पुंगळी लहान आहे. गोळी मिलिमीटरभर आत गेली तरी दाब झपाट्याने चढतो. मुलाम्याच्या गोळीचे नाक जॅकेटच्या गोळीहून बहुधा वेगळ्या वळणाचे असते, त्यामुळे दुसऱ्या गोळीसाठी छापलेली एकूण लांबी हिला जशीच्या तशी लावू नये. नळी सुटी करून काडतूस तिच्या चेंबरमध्ये टाकावे. आपल्या वजनाने पूर्ण आत जावे, फिरवल्यावर फिरावे, उलटे धरल्यावर आपोआप पडावे. त्या नळीसाठी तीच लांबी.

वेगमापक यंत्रे स्वस्त झाल्यापासून लोक आकड्यांच्या मागे लागले आहेत. दहा गोळ्यांचा वेग एकसारखा आला की काडतूस उत्तम, असा समज पसरला आहे. लांब पल्ल्याच्या रायफलला तो लागू आहे. पिस्तुलाचा पल्ला २५ मीटर. सेकंदाला ३०० मीटर वेगाची गोळी तेवढ्यात ३४ मि.मी. खाली येते, २९० मीटर वेगाची ३६ मि.मी. च्या थोडी वर. म्हणजे दहा मीटरच्या तफावतीने सव्वादोन-अडीच मि.मी. चा फरक. नळी हातात उसळते त्यामुळे तो थोडा बदलतो, पण चित्र पालटत नाही. शतांश मिलिमीटरच्या तोलदोषाने याच्या दुपटीहून जास्त नुकसान होते. म्हणून मर्यादित पैशात चांगली गोळी की महाग बारूद, असा पेच पडला तर पैसे गोळीवर घालावेत.

वजनाबद्दल थोडक्यात. ९ मि.मी. मध्ये ११५, १२४ आणि १४७ ग्रेन ही नेहमीची वजने, ७.४५, ८.०४ आणि ९.५३ ग्रॅम. जड गोळी ध्वनीच्या वेगाखाली राहते, नळीला जास्त लांबीने टेकते आणि मुलाम्यावर ताण कमी येतो. अचूकता हवी असेल तर १२४ किंवा १४७ वरून सुरुवात करावी. बुडाशी पोकळ असलेली गोळी आणखी बरी, कारण तिचे वजन पुढे सरकते, अंग लांब होते आणि दाबाने बूड फुलून नळीला चिकटते.

पारखायचे कसे? तीन गोळ्यांचा ग्रुप पाहून निकाल देऊ नये. तीन गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात. पिस्तूल टेकवून किंवा शिकंज्यात धरून, एकाच लॉटच्या पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच कागद मारावेत, आणि सगळ्यात चांगला कागद दाखवण्यापेक्षा पाचांची सरासरी धरावी. दूर गेलेली एखादी गोळी ‘माझ्या हाताने गेली’ म्हणून पुसून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. मुलाम्याच्या गोळीत तीच गोळी खरी साक्ष देते.

हे सगळे वाचून उचगावातल्या किंवा चंदगडातल्या एखाद्याला घरी यंत्र बसवावेसे वाटले तर त्याने थांबावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या व्याख्येत तयार काडतुसाबरोबर त्याचे भाग आणि ते बनवायची यंत्रेसुद्धा येतात, आणि कलम ५ नुसार निर्मितीला वेगळा परवाना लागतो. पिस्तुलाचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. त्यातच ९ मि.मी. हा आपल्याकडे सामान्य नागरिकाला निषिद्ध असलेला बोअर. म्हणजे मुलाम्याच्या गोळीचा जगातला सगळ्यात मोठा बाजार आपल्या खेळाडूंसाठी बंदच आहे. सीमाभागात आणखी एक काळजी घ्यावी लागते. परवान्यावर क्षेत्रमर्यादा लिहिलेली असते. उचगावाहून शिनोळी काही किलोमीटरवर, पण मध्ये राज्य बदलते. कर्नाटकापुरता परवाना खिशात घेऊन कोल्हापूरच्या रेंजवर जाणारा माणूस वाटेतच गुन्हेगार ठरू शकतो. स्पर्धेला निघताना आधी परवाना वाचावा.

मग आपल्या पिस्तूलवाल्याचे खरे क्षेत्र कोणते? एक, .३२ बोअरचे सेंटर फायर पिस्तूल. भारतीय नेमबाजीचा हा जुना अभिमानाचा प्रकार. मुंबईच्या अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत यात सुवर्ण घेतले. १९९४ मध्ये व्हिक्टोरियाला जसपाल राणांबरोबर जोडीचे सुवर्ण मिळवले. राणांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण करून विश्वविक्रमाची बरोबरी केली. या प्रकारात ३० गोळ्या सावकाश आणि ३० जलद. जलद फेरीत लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद फिरून जाते. पिस्तूल कमी उसळले तरच हात वेळेत वर येतो, म्हणून .३२ एस अँड डब्ल्यू लाँग काडतूस आणि त्यात पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसवलेली शिशाची वॉडकटर गोळी. ती कागद पंचने कापल्यासारखा कापते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे गोळी शिशाची किंवा तशाच मऊ द्रव्याची हवी. जॅकेटची चालत नाही, आणि ज्युरी काडतुसांचे नमुने तपासू शकते. मुलाम्याची गोळी या नियमात बसते असे स्वतःच ठरवून मैदानात उतरू नये. आधी ज्युरीला विचारावे.

सावकाश फेरीच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळ ५० मि.मी. चे असते आणि कागदावर रेषेला स्पर्श झाला तरी वरचा गुण मिळतो. ७.९ मि.मी. जाड गोळीचा मध्य वर्तुळाच्या केंद्रापासून २९ मि.मी. च्या आत असला की दहा. पिस्तूल आणि काडतूस मिळून ३० मि.मी. चा ग्रुप देत असतील तर हाताच्या चुकीला सर्व बाजूंनी सुमारे १४ मि.मी. उरतात, ५० मि.मी. चा ग्रुप देणारे काडतूस घेतले तर चारच. पोराचा हात सुधारत नाही असे म्हणण्याआधी प्रशिक्षकाने हे गणित एकदा मांडून पाहावे.

दोन, .२२. राहीचा २५ मीटर पिस्तूल प्रकार याच बोअरचा, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमारने रॅपिड फायरमध्ये रौप्य मिळवले तेही याच बोअरने. दुकानातल्या स्वस्त, वेगवान .२२ काडतुसांवर तांब्याचा पातळ मुलामा दिसतो. चकाकतात, हाताला काळे लागत नाही. मात्र ईले टेनेक्स, आरडब्ल्यूएस आर५० किंवा लापुआची स्पर्धेची काडतुसे पाहा : उघडे शिसे, वर मेणाचा किंवा चरबीचा लेप. जगातली सर्वांत अचूक .२२ गोळी मुलाम्याशिवाय असते, कारण ध्वनीच्या वेगाखाली तिला मुलाम्याची गरजच नाही. ४० ग्रेनची मऊ गोळी आट्यांत बिनतक्रार रुतते, आणि लेप नळीत एकसारखा पसरून प्रत्येक गोळीला तोच रस्ता देतो. म्हणून काडतुसाचा प्रकार बदलल्यावर पहिल्या काही गोळ्या धरू नयेत. जुना लेप जाऊन नवा बसेपर्यंत ग्रुप फिरत राहतो. सरावासाठी चकाकणारी आणि स्पर्धेसाठी लेपाची, अशी सरमिसळ करणारे नेमबाज आपल्याच नळीला गोंधळात टाकतात.

.२२ मध्ये काडतूस कोणालाच घरी भरता येत नाही. रिमफायर पुंगळीची घडणच तशी आहे. इथे अमेरिकेतला लक्षाधीश आणि उचगावचा पोरगा एका पातळीवर येतात. दोघांच्या हातात एकच हत्यार : लॉटची पारख. एकाच नावाचे, एकाच किमतीचे काडतूस वेगवेगळ्या लॉटमध्ये एकाच नळीत वेगळे वागते. लापुआच्या जर्मनीतल्या शोनेबेकच्या केंद्रात खेळाडू आपली बंदूक घेऊन जातो, ती शिकंज्यात धरतात, एकामागून एक लॉट झाडतात, आणि जो लॉट जमला तो खेळाडू पेट्यांनी विकत घेतो. ईलेची अशी सोय बर्मिंगहॅमला आहे. घरी काडतूस भरणारा माणूस बारूद, गोळी आणि खोली बदलून जे शोधतो, तेच इथे निवडीने शोधायचे. आपल्याकडे स्पर्धेचे .२२ बाहेरून येते, परवान्यावर संख्या ठरलेली असते, आणि जिल्ह्याच्या नेमबाजाला मिळेल ती पेटी घ्यावी लागते. हे मला फार खुपते. पोरे आई-वडिलांचे पैसे घालून वर्षानुवर्षे सराव करतात आणि नळीला न जमणाऱ्या लॉटने राज्य स्पर्धेत दोन-चार गुण घालवतात.

एअर पिस्तुलाची गोष्ट सोपी आहे आणि तिथे काही करताही येते. छर्रा ४.५ मि.मी. चा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि डोक्याचे माप ४.४८ पासून ४.५२ पर्यंत शतांशाच्या फरकाने मिळते. दहा मीटरवर दहाचे वर्तुळ ११.५ मि.मी. चे. तीन-चार मापांचे छर्रे आणून पिस्तूल टेकवून झाडले तर एका दुपारी उत्तर मिळते. मुलाम्याचे छर्रेही बाजारात आहेत. कडक असल्यामुळे कमी ताकदीच्या स्पर्धा-पिस्तुलाला त्यांचा उपयोग नाही.

मुलाम्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी, ती आरोग्याची. उघड्या बुडाच्या गोळीचे शिसे तापलेल्या वायूने झिजते आणि बंदिस्त रेंजच्या हवेत मिसळते. मुलामा बूड झाकतो, हाताळताना बोटांनाही शिसे लागत नाही. प्रायमरमधले शिसे राहतेच, त्यामुळे धोका संपत नाही, कमी होतो. आपल्याकडे शाळांच्या हॉलमध्ये आणि तळघरांत दहा मीटरच्या रेंज उघडत आहेत. बारा-तेरा वर्षांची मुले तिथे रोज शिशाचे छर्रे हाताळतात, काही तर दोन छर्रे ओठांत धरून तिसरा भरतात. हे ताबडतोब थांबले पाहिजे. शिसे मुलांच्या मेंदूला मोठ्यांपेक्षा जास्त इजा करते. सरावानंतर साबणाने हात धुणे, रेंजवर डबा न उघडणे, जमीन कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसणे, एवढ्याला पैसे लागत नाहीत.

राहिला देशी मालाचा मुद्दा. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्याच्या काडतुसांच्या बुडावरचा ‘केएफ’ शिक्का परवानाधारकांच्या ओळखीचा. वरणगावचा कारखाना १९६४ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीत आले. म्हणजे नेमबाजांचा एक मोठा पट्टा आणि दारूगोळ्याचे मोठे कारखाने एकाच मराठी मुलखात आहेत. देशाच्या रायफल संघटनेचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष, लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, हेही मराठी घराण्यातलेच; त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून पोरे आज राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरतात. खेळाची वॉडकटर गोळी, एकसारख्या लॉटने, इथे बनू नये असे तांत्रिक कारण मला दिसत नाही. मागणी थोडी आहे हे खरे. ती एकत्र करून मांडण्याचे काम जिल्हा संघटनांनी करायला हवे.

तोवर कोल्हापूर आणि बेळगावच्या संघटनांनी मिळून एक काम करता येईल. २५ मीटरच्या एखाद्या रेंजवर काँक्रीटच्या ठोकळ्यात बसवलेला पिस्तुलाचा शिकंजा, सोबत मायक्रोमीटर, दशांश ग्रेनचा तराजू आणि एक नोंदवही. वहीत प्रत्येक पिस्तुलासमोर काडतुसाचे नाव, लॉट क्रमांक, पाच ग्रुपांची सरासरी आणि दूर गेलेल्या गोळ्यांची संख्या लिहायची. एखाद्या खेळाडूच्या नळीला न जमलेला लॉट दुसऱ्याच्या नळीला जमेल. तेव्हा मागणी एकत्र नोंदवून, अधिकृत विक्रेत्यामार्फत आणि ज्याच्या त्याच्या परवान्यावर, योग्य लॉट योग्य हातात जाईल अशी व्यवस्था लावता येईल. शिकंज्याचा खर्च एका चांगल्या पिस्तुलाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तो बसवण्याआधी रेंजची मान्यता आणि शिकंज्यातून पिस्तूल झाडण्याची परवानगी ज्या त्या राज्याच्या यंत्रणेकडून लेखी घ्यावी, आणि सीमेपलीकडून येणाऱ्या खेळाडूच्या परवान्याची क्षेत्रमर्यादा दारातच तपासावी.